पात्यावर वारा सोडण्याआधी

आषाढात साक्रीकडच्या पठारावर डोक्यावरची टोपी हातात धरावी लागते. ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या बघूनच आमच्या बॅचमधल्या तिघांनी शेवटच्या वर्षाला पात्याचं सिम्युलेशन, म्हणजे संगणकावर पात्यावर वारा सोडून बघणं, घेतलं, आणि तिघंही मेशिंगमध्ये, म्हणजे पात्याभोवतीच्या हवेचे बारीक खण पाडून जाळी करण्यात, रुतून बसलो. यंदा कुणी हाच विषय घेणार असाल तर सॉफ्टवेअर उघडायच्या आधी एवढं हाताशी ठेवा भो.

पहिली हवा. फ्लुएंटसारखं हवेचा प्रवाह मोजणारं सॉफ्टवेअर हवेची घनता आपणहून १.२२५ किलो प्रति घनमीटर धरतं, ती समुद्रसपाटीची, १५ अंशांची. पठाराची उंची ६०० मीटर आणि पावसाळ्यातले २८ अंश धरले तर आकडा १.०९ च्या आसपास येतो, म्हणजे तेवढ्याच वाऱ्यात ११ टक्के ताकद आधीच गेली. तापमान मे महिन्याचं घेऊ नका, वारा जोरात असतो त्या दिवसांचं घ्या.

मग पात्याचा छेद. एअरफॉइलचे, म्हणजे या छेदाच्या आकाराचे, बिंदू फाइलमध्ये ० ते १ या मापात मिळतात. कॅडला, म्हणजे आकार काढायच्या सॉफ्टवेअरला, तिसरा रकाना लागतो, तो शून्यांनी भरा, मग पात्याच्या रुंदीने गुणा. बिंदू सहसा शेपटीपासून सुरू होऊन वरच्या अंगाने नाकाकडे आणि खालून परत शेपटीकडे येतात. ही शेपटीच घात करते. दोन्ही रेषा तिथे सुईसारख्या मिळाल्या की जाळीतले खण चेंगरतात, म्हणून थोडी जाडी ठेवून ती बोथट करा. पिळाची दिशाही तपासा. माझं पातं तीन दिवस उलटा पीळ घेऊन बसलं होतं. टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, उणे येत होता आणि मी मेशला शिव्या घालत होतो. शेवटी वहीच्या पुठ्ठ्याचं पातं कापलं, पिळलं आणि टेबलफॅनसमोर धरलं, तेव्हा कळलं.

आता सगळ्यात महत्त्वाचं: स्वतःच्या पात्याआधी ओळखीचं पातं चालवा. अमेरिकेतल्या एनआरईएल या अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेने २००० साली नासाच्या एम्स केंद्रातल्या भल्यामोठ्या पवनबोगद्यात दोन पात्यांची, सुमारे १० मीटर व्यासाची टर्बाइन तपासली. तिला फेज सिक्स म्हणतात, छेद एस८०९. ७ मीटर प्रतिसेकंद वारा आणि मिनिटाला ७२ फेरे असताना टॉर्क ८०० न्यूटन-मीटरच्या जवळपास आहे. तुमचा आकडा तिथे पोहोचला की पुढे जा. वारा १० मीटर प्रतिसेकंदाच्या वर गेला की हवा पात्यापासून सुटायला लागते आणि भलीभली मॉडेल्सही तिथे गडबडतात, सुरुवात तिथून नको.

पातं प्रत्यक्ष फिरवायची गरज नाही. वारा सरळ समोरून असेल आणि मनोरा सोडून दिला असेल तर फिरती चौकट, म्हणजे पात्यासोबत फिरणाऱ्याच्या नजरेतून केलेलं गणित, पुरते. दोन पात्यांना अर्धं वर्तुळ, तीन पात्यांना एक तृतीयांश. बाकीचं आवर्ती सीमा, म्हणजे एका कडेचा प्रवाह दुसऱ्या कडेला जसाच्या तसा जोडणारी अट, सांभाळते. पुढे चार-पाच व्यास, मागे दहा व्यास मोकळी जागा सोडा. के-ओमेगा एसएसटी हे खळबळत्या प्रवाहाचं मॉडेल वापरणार असाल तर वाय-प्लस, म्हणजे पात्याला चिकटलेल्या पहिल्या खणाच्या जाडीचं एककविरहित माप, १ च्या घरात हवा. फेज सिक्सच्या पात्याच्या टोकाशी त्याचा अर्थ पहिला थर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा. पुढचे थर १.२ पटीने वाढवत न्या. रॅमचा अंदाज दहा लाख खणांना एक-दोन जीबी, म्हणून लॅबमधलं यंत्र आधी बघून घ्या आणि खणांची संख्या मग ठरवा.

शेजारी एका कागदावर ०.५९३ लिहून चिकटवा. ही बेट्झची मर्यादा, २७ पैकी १६. उघड्या रोटरचा शक्ती गुणांक, म्हणजे वाऱ्यातल्या ताकदीपैकी रोटरने घेतलेला वाटा, त्याच्या वर गेला तर लाल-निळी चित्रं सरांना दाखवायला धावू नका, कुठेतरी क्षेत्रफळ किंवा वेग चुकलाय. वरच्या ओळखीच्या टर्बाइनचा तो ०.३६ च्या आसपास निघतो, हातानेच करून बघा.

रात्रभर रन लावणार असाल तर यूपीएस आणि दर १०० इटरेशनला, म्हणजे गणिताच्या शंभर फेऱ्यांना, ऑटोसेव्ह. आमची वीज पहाटे चारला गेली तेव्हा ९०० झाली होती, आणि सेव्ह केलेली एकही नव्हती.