अभ्यासिकेच्या कॉम्प्युटरवर पोट्ट्यांसाठी वेगळं खातं

गावच्या अभ्यासिकेत कॉम्प्युटर एकच. भरतीचे फॉर्म भरता भरता कोणी गेम टाकतं, कोणी घड्याळ बदलतं. यावर विंडोज १० आणि ११ मध्ये आधीपासूनच सोय आहे.

१. आधी आपल्या ॲडमिन खात्याला (ज्यातून कॉम्प्युटरमध्ये सगळे बदल करता येतात ते) पासवर्ड लावा. हे केलं नाही तर बाकी सगळं वाया.
२. सेटिंग्जमधल्या अकाउंट्समध्ये दुसरा यूजर जोडा. ईमेल मागितला की 'माहिती नाही' आणि मग 'मायक्रोसॉफ्ट अकाउंटशिवाय' हे पर्याय निवडा.
३. नाव 'वाचक' ठेवा, प्रकार स्टँडर्डच राहू द्या.

आता तारीख बदलायला किंवा बहुतेक सॉफ्टवेअर टाकायला ॲडमिनचा पासवर्ड लागेल. पोट्ट्यांचं फॉर्म भरणं, प्रिंट काढणं मात्र अडत नाही.

पासवर्ड कागदावर लिहून अभ्यासिकेच्या कुलूपबंद कपाटात ठेवा. विसरला तर फार तरास होतो.