लाकडी जहाजाचं मॉडेल बनवायची हत्यारं घेताना या चुका टाळा

पहिल्या लाकडी जहाजाच्या मॉडेलच्या किटसोबत चाळीस हत्यारांची पेटी मागवायचा मोह होतो. मीही मागवली. त्यातला चिमटा आणि एक बारीक कानस एवढंच आज वापरात आहे. सुरुवातीला सुरी, स्टीलची पट्टी, कटिंग मॅट, 120 ते 400 नंबरचे पॉलिश पेपर, हाताने फिरवायचं बारीक ड्रिल आणि कपडे वाळत घालायचे वीसेक चिमटे पुरतात. बाकीचं काम अडेल तेव्हा घ्या.

सुरी साधी चालेल, पण पाती भरपूर हवीत. काप भरकटला की आधी पातं बदला. बोथट पात्यावर जोर दिला की हात घसरतो आणि रक्त निघतं. जहाजाच्या सांगाड्यावर चिकटवायची 1.5 मिमी जाडीची लाकडी पट्टी एका दमात कापू नका, तीन-चार वेळा हलकेच सुरी फिरवा.

भोकं पाडायला विजेवरचं रोटरी यंत्र तर लगेच नकोच. त्याचा सगळ्यात कमी वेगही बहुधा मिनिटाला हजारो फेऱ्यांचा असतो. तेवढ्या वेगात 1 मिमीचं बिट मोडतं, लाकूड काळं पडतं. हातड्रिल सोनारांची हत्यारं विकणाऱ्या दुकानात मिळतं. खिळा मारताना पट्टी चिरत असेल, तर त्याने खिळ्याहून किंचित बारीक भोक आधी पाडा.

खरी रडारड होते ती नाळेपाशी, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाशी. पट्टी वळत नाही म्हणून लोक चरे पाडणारी पक्कड घेतात. ती पट्टी वळवते खरी, पण चऱ्यांपाशी पट्टी कमजोर होते. त्यापेक्षा अर्धा तास कोमट पाण्यात भिजवा, सांगाड्यावर चिमट्यांनी रात्रभर बांधा आणि पूर्ण वाळल्यावरच चिकटवा. ओली चिकटवलीत तर ती वाळताना आकसते आणि फटी पडतात. पट्ट्या एकमेकींवर चढत असतील, तर मात्र वाकवण्यात चूक नाही. तिथे सांगाड्याचा घेर मधल्यापेक्षा कमी असतो, म्हणून प्रत्येक पट्टी त्या टोकाला निमुळती करावी लागते. त्यासाठी छोटा रंधा घ्या. माझ्या मते पहिला जादा खर्च करायचा तर यावरच.

झटपट चिकटणारा गोंद दिसत्या लाकडावर नको. त्याच्या डागावर रंग धरत नाही आणि वॉर्निशखाली तो उठून दिसतो. पांढऱ्या गोंदाने पट्टी वाकडी बसली, तर जोडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून थोडं थांबा. सुरीचं टोक घातलं की ती सुटते.