डेरिंजर बघायला, घ्यायला आणि उडवायला जाण्याआधीची तयारी

अमेरिकेतल्या गन शोच्या, म्हणजे बंदुकांच्या प्रदर्शनाच्या, हॉलमध्ये मखमलीवर मांडलेलं डेरिंजर, म्हणजे तळहातात मावणारं, बहुधा दोन नळ्यांचं पिस्तूल दिसलं की माणूस हिशेब विसरतो. विकणाऱ्यालाही ते ठाऊक असतं. म्हणून तयारी घरीच उरकायची, आणि तीही पिस्तुलापासून नव्हे, स्वतःच्या कागदपत्रांपासून सुरू करायची.

अमेरिकेतली बरीच मराठी मंडळी एच-1बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असतात. अशा नॉन-इमिग्रंट व्हिसाधारकाला बंदूक किंवा काडतूस बाळगायला तिथल्या संघीय कायद्याने मनाई आहे. अपवाद आहेत, उदाहरणार्थ एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना, पण मित्राने सांगितलं म्हणून त्या अपवादावर विसंबू नका. रेंजवर भाड्याने घेतलेलं पिस्तूल हातात धरणं हेही बाळगणंच धरलं जाऊ शकतं. ग्रीन कार्ड असेल तर वाट मोकळी आहे, मात्र परवानाधारक दुकानदाराकडून हँडगन घ्यायला वय 21 पूर्ण हवं, फॉर्म 4473 (खरेदीदाराच्या माहितीचा संघीय फॉर्म) भरावा लागतो आणि हँडगन आपण राहतो त्याच राज्यात घ्यावी लागते. टेक्सासमध्ये राहून ओक्लाहोमाच्या प्रदर्शनातून आधुनिक पिस्तूल खिशात घालून परत येता येत नाही. व्हिसाबद्दल जरा जरी शंका असली तर आधी इमिग्रेशन वकिलाला फोन करा. त्याची फी पिस्तुलापेक्षा जास्त झाली तरी चालेल.

दुसरी तयारी एका सालाची: 1898. त्या वर्षी किंवा त्याआधी घडवलेलं हत्यार संघीय कायद्यात अँटिक ठरतं आणि ते 'फायरआर्म' या व्याख्येतच बसत नाही. राज्यांचे नियम वेगळे असू शकतात, ते आपल्यापुरते वाचून घ्यायचे. डेरिंजरच्या बाबतीत हे साल नुसतं पुस्तकी नाही. रेमिंग्टनचं प्रसिद्ध दुनळी डेरिंजर 1866 ते 1935 अशी जवळजवळ सत्तर वर्षं, दीड लाखाच्या आसपास नग, बाहेरून फारसं न बदलता बनत राहिलं. टेबलावर शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन नगांपैकी एक कायद्याने जुनी वस्तू आणि दुसरं चक्क हँडगन, असं होऊ शकतं. विक्रेता 'जुनंच आहे हो' म्हणेल, पण तेवढ्यावर व्यवहार करायचा नाही.

म्हणून पिशवीत या वस्तू टाका: दहापट मोठं दाखवणारं भिंग, पेनाएवढी बारीक टॉर्च, लहान लोहचुंबक, मोजपट्टी आणि पेन्सिलीपेक्षा बारीक अशी लाकडी काडी. काडी लाकडाचीच हवी, लोखंडी सळई नको.

आता ओळख. नाव आलं फिलाडेल्फियाच्या हेन्री डेरिंजर या कारागिरावरून (1786–1868). त्याची खिशातली पिस्तुलं एका नळीची, ठासणीची आणि टोपीवर उडणारी होती. कोकणातल्या ठासणीच्या बंदुकीचं तत्त्वच इथे बोटभर नळीत बसवलंय म्हणा: तोंडाकडून दारू आणि गोळी ठासायची, मागे निपलवर (नळीच्या बुडाशी असलेल्या पोकळ बोंडावर) टोपी, म्हणजे ठोक्याने पेटणारी इवली वाटी, चढवायची, घोडा ओढायचा. अक्रोडाच्या लाकडाची पक्ष्याच्या चोचीसारखी वळलेली मूठ, जर्मन सिल्व्हरची नक्षी, नळीत आतून वळणाऱ्या खाचा, आणि नळीच्या बुडाशी व कळीच्या (घोड्याच्या यंत्रणेच्या) पट्टीवर डेरिंजरचं नाव, त्याखाली फिलाडेल्फियाचं कापलेलं रूप. ती बहुधा जोडीने विकली जात. त्याच्या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये (Deringer) मधला 'आर' एकच आहे. मध्ये जोडीने दोन 'आर' असलेला शब्द (derringer) पुढे सगळ्याच लहान पिस्तुलांना चिकटला, त्यामुळे शिक्क्यात मध्ये 'आर'ची जोडी दिसली तर ते त्याच्या हातचं नाही. पण मधला 'आर' एकच दिसला म्हणून अस्सल ठरलं असंही नाही, कारण नक्कल करणाऱ्यांनी शिक्कासुद्धा हुबेहूब उचलला होता. सॅन फ्रान्सिस्कोतल्या प्लेट नावाच्या व्यापाऱ्यावर डेरिंजरने त्याबद्दल खटला भरला, आणि 1865 सालचा कॅलिफोर्निया सर्वोच्च न्यायालयाचा तो निकाल ट्रेडमार्कच्या इतिहासात आजही सांगितला जातो.

अस्सल नग पैसे मोजण्याआधी एकदा डोळ्यांखालून घालावा. वॉशिंग्टनला गेलात तर फोर्ड्स थिएटरच्या संग्रहालयात ते पिस्तूल आहे, ज्याने जॉन विल्क्स बूथने 14 एप्रिल 1865 च्या रात्री लिंकनवर गोळी झाडली. ते खरं की बदललेलं, असा वाद एकदा उठला होता. तेव्हा 1997 मध्ये एफबीआयने जुने फोटो आणि प्रत्यक्ष वस्तू यांवरचे बारीक ओरखडे, खड्डे ताडून पाहिले आणि तेच ते असं सांगितलं. आपणही हेच शिकायचं: पिस्तूल नक्षीवरून नाही, खुणांवरून ओळखतात.

टोपीच्या पिस्तुलांच्या आजच्या प्रतिकृती बऱ्याचदा इटलीहून येतात. लाकूड काळवंडवून, धातू गंजवून त्या म्हाताऱ्या केल्या जातात. भिंग घेऊन नळीच्या खालच्या बाजूला गार्दोनेच्या चाचणीगृहाचे छोटे शिक्के दिसतात का पाहा. ते जिथे असायचे तिथे ताजं घासल्यासारखं गुळगुळीत लागलं तर पुढच्या टेबलाकडे चला. प्रतिकृती वाईट नसते, उडवायला तीच बरी, फक्त ती प्रतिकृतीच्या भावात घ्यावी.

रेमिंग्टन ओळखायला सोपं आहे. वर-खाली दोन नळ्या, उजव्या बाजूला फिरकी. ती फिरवली की नळ्या वरच्या बिजागरीवर उलगडतात. साल काढायचं ते नळीवरच्या अक्षरांवरून. 'ई. रेमिंग्टन अँड सन्स, इलियन' असेल तर 1888 पर्यंतचं, म्हणजे अँटिक. 'रेमिंग्टन आर्म्स – यू.एम.सी.' असेल तर 1912 नंतरचं, म्हणजे हँडगन. मधलं 'रेमिंग्टन आर्म्स कंपनी' हे 1888 ते 1911 मधलं, आणि डोकेदुखी हीच, कारण 1898 यांच्या मधोमध पडतं. नंबर पाहून सुटेल म्हणाल तर तोही मार्ग नाही. हे नंबर एका ओळीत चढत गेलेले नाहीत, तुकडीतुकडीने पुन्हा पुन्हा पडलेले आहेत. असा मधला नग असेल तर तो आधुनिकच आहे असं धरून कागदपत्रं करणं शहाणपणाचं.

कोल्टच्या डेरिंजरमध्ये वेगळी गफलत होते. कंपनीने 1870 मध्ये नॅशनल आर्म्स विकत घेऊन या धंद्यात पाय ठेवला. ती जुनी मॉडेलं .41 (नळीचं माप, इंचात) रिमफायर, म्हणजे बुडाच्या कडेवर ठोका बसून उडणाऱ्या, काडतुसाची, एकनळी, नळी बाजूला वळवून भरायची. पण 1959 पासून त्याच रूपाची .22 शॉर्टची पिस्तुलं कोल्टनेच काढली. कोल्टचं नाव खरं, घाट जुना, आणि नळी .22 ची, तर ते आजोबांच्या काळातलं असेलही, पणजोबांच्या नाही. शार्प्सची चार नळ्यांची पिस्तुलंही याच टेबलांवर भेटतात. क्रिश्चन शार्प्सचं पेटंट 1859 चं; नळ्या जागेवर राहतात, फिरते ती घोड्यातली टाचणी, म्हणजे काडतुसावर ठोका देणारी पिन.

हातात घेण्याआधी विचारायचं, 'उघडून दाखवता का?' तोंड जमिनीकडे किंवा मोकळ्या बाजूला, बोट चापावर नाही. दुनळी उघडून दोन्ही खाने डोळ्यांनी बघा आणि करंगळी घालूनही बघा. ठासणीचं पिस्तूल उघडता येत नाही, तिथे काडी कामाला येते. आधी निपलवर टोपी नाही ना ते पाहा. मग घोड्याला हात न लावता, नळीच्या तोंडासमोर तळहात येऊ न देता, काडी बाजूने धरून हळूच आत सोडा. ती टेकली की तोंडाशी अंगठ्याच्या नखाने खूण धरा, काडी बाहेर काढा आणि नळीला बाहेरून समांतर ठेवा. काडीचं टोक निपलच्या मुळापर्यंत पोचलं तर नळी रिकामी. दोन बोटं अलीकडेच थांबलं तर आत काहीतरी आहे: कचरा, चिंध्या, नाहीतर दीडशे वर्षांपूर्वी ठासलेला बार. काळी दारू कोरडी राहिली तर जुनी होऊन निकामी होत नाही. यादवी युद्धातले तोफगोळे आपल्या काळातही फुटले आहेत. तिथे उकरून काढायच्या भानगडीत पडू नका, विक्रेत्याला सांगा आणि काम बंदूक कारागिरावर सोपवा.

मग तब्येत. रेमिंग्टनचं दुखणं ठरलेलं आहे, बिजागरीचे दोन कान. टॉर्च तिरकी धरून, नख फिरवून तडा शोधा. वेल्डिंगने भरलेला तडा रंगाच्या फरकावरून कळतो. फिरकी बंद केल्यावर नळ्या खुळखुळतात का, घोडा अर्ध्यावर अडकतो का, चाप ओढल्याशिवाय तिथून निसटतो का, हे मालकाच्या परवानगीने तपासा. रिकाम्या पिस्तुलाचा घोडा उगाच फटकन सोडू नका, जुन्या टाचण्या त्यानेच मोडतात. लोहचुंबक अशा स्वस्त पिस्तुलांसाठी जी जस्ताच्या मिश्रधातूत ओतून, निकेलचा मुलामा चढवून 1980–90 च्या दशकांत खपली. चुंबक नळीला आणि सांगाड्याला लावा. सांगाड्याला चिकटला नाही आणि पितळही दिसत नाही, तर भाव ऐकूनसुद्धा थांबायचं कारण नाही.

जुनं घेतलंत तर ते उडवण्यासाठी नाही, एवढं आधीच ठरवून टाका. .41 रिमफायर हे मुळातच काळ्या दारूचं, अशक्त काडतूस होतं. 130 ग्रेनची, म्हणजे सुमारे साडेआठ ग्रॅमची गोळी सेकंदाला 130 मीटरच्या आसपास, म्हणजे आजच्या .22 रायफलच्या निम्म्याच्या जवळपास जोर. तेव्हाच्या लोखंडाला तेवढंच झेपत होतं.

उडवायचंच असेल तर नवं घ्या, आणि इथे मी मत देऊन मोकळा होतो: स्वसंरक्षणाचं पहिलं पिस्तूल म्हणून डेरिंजर नको. दोनच गोळ्या, जड चाप, नेमाला जेमतेम बोटभर नळी, आणि घाईत पुन्हा भरणं जवळजवळ अशक्य. हौस म्हणून मात्र मजेचं आहे. टेक्सासातल्या ग्रॅनबरीची बाँड आर्म्स पोलादी, जाड, अर्ध्या किलोहून जड दुनळी बनवते. त्यांत चापाभोवती कडं, आडवी बटणाची सेफ्टी आणि झाडून झाल्यावर मागे सरकणारा घोडा असतो. जुन्या रेमिंग्टनमध्ये मोकळा घोडा थेट टाचणीमार्गे काडतुसावर टेकतो, म्हणून भरलेलं पिस्तूल पडलं तर बार उडू शकतो. हा फरक दुकानात समजावून मागा. पहिली नळी .38 स्पेशलची किंवा .22 ची निवडा. .357 मॅग्नम अशा लहान मुठीतून झाडणं म्हणजे मनगटाशी वैर. .45 कोल्ट आणि .410 छर्रे दोन्ही घेणाऱ्या नळ्या लोकप्रिय आहेत, पण कॅलिफोर्नियात त्यांच्यावर आखूड शॉटगनचा नियम लागतो, तिथल्यांनी तिकडे बघूच नये. 1960 च्या दशकातल्या हाय स्टँडर्ड कंपनीच्या डबल-ॲक्शन (चाप ओढला की घोडा आपोआप चढून पडतो अशा) .22 डेरिंजरला घोडा दिसतच नाही. त्याचा चाप ओढायला बोटात जोर लागतो, हे सेकंडहँड घेताना दुकानातच अजमावा.

रेंजच्या दिवशी चष्मा, कानांचं संरक्षण, बंद गळ्याचा शर्ट (शेजाऱ्याच्या पिस्तुलातून उडालेलं गरम कवच उघड्या गळ्यात शिरतं) आणि रिकामी कवचं ढकलायला लाकडी काडी. लक्ष्य पाच यार्डांवर लावा. नेम चुकला की लोक पिस्तुलाला नावं ठेवतात, पण एवढ्या आखूड नळीत मनगट केसभर हललं तरी कागद सुटतो. सगळ्यात महत्त्वाचं दुसरा हात. मोठ्या पिस्तुलाच्या सवयीने तो पुढे सरकतो, आणि इथे पुढे म्हणजे नळीचं तोंड. दुसऱ्या हाताची बोटं मुठीवरच, पहिल्या बोटांवरून वळवलेली. चाप मागे खेचण्यापेक्षा थोडा खाली-मागे दाबल्यासारखा लागतो, म्हणून भरण्याआधी रिकाम्यावर, स्नॅप कॅप (सरावाचं खोटं काडतूस) घालून, सराव करा. सुरुवातीला एकच नळी भरा. बार फुसका गेला तर तोंड लक्ष्याकडेच ठेवून अर्धा मिनिट थांबा, मग उघडा. .22 लाँग रायफल .22 मॅग्नमच्या नळीत सैल बसते आणि कवच फाटतं, तेव्हा दोन्हींचे डबे एका टेबलावर नकोत. घरी येताना हात-तोंड साबणाने गार पाण्याने धुवा, शिसं असतं. लहान मूल घरी असेल तर शर्टही बदला.

घरी कुलूपबंद पेटी हवीच, आणि काडतुसं वेगळी. खेळण्याएवढं दिसतं, म्हणून मुलाच्या हाताला तेच आधी लागतं.

आणि देशात ही वस्तू न्यायची नाही. भारतात 1959 चा शस्त्र कायदा आहे, परवाना जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्तांकडून. 'अँटिक आहे' हे अमेरिकेतलं उत्तर मुंबईच्या कस्टम्सपुढे चालत नाही. पिस्तूल कुणी चुकून नेत नाही, काडतूस मात्र नेतं. बॅगेच्या कोपऱ्यात विसरलेल्या एका जिवंत गोळीने विमानतळावर गुन्हा दाखल होतो, पुढे कोर्टात सुटका झाली तरी विमान आणि महिने गेलेले असतात. म्हणून रेंजची बॅग कायम वेगळी ठेवा, ती प्रवासाला कधीच वापरू नका, आणि तिकीट काढलंत की प्रवासाच्या बॅगेचे सगळे कप्पे, अस्तराखालचेसुद्धा, उलटे करून झटका.