नेता नसलेली गटचर्चा: बेळगावातील सरावाचा अनुभव

सैन्यदलात अधिकारी होण्यासाठी एसएसबीच्या, म्हणजे सेवा निवड मंडळाच्या, मुलाखतीला प्रथमच जाणाऱ्या सीमाभागातील मुलामुलींसाठी हे लिहीत आहे. तेथील गटचर्चेत कोणालाही नेता नेमलेले नसते आणि विषय सांगून झाल्यावर जीटीओ, म्हणजे गटकार्यांचे परीक्षक अधिकारी, मध्ये बोलत नाहीत. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ पासून, ब्रिटिश सैन्याच्या निवड मंडळांनी ही पद्धत वापरली. गटाला मोकळे सोडले की उमेदवार स्वतःपुरते किती पाहतो आणि इतरांना किती सामावून घेतो, हे कळते.

आमचा सराव टिळकवाडीतील व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर चाले. खानापूर-निपाणीकडचे मराठी आणि गोकाक-बैलहोंगलकडचे कन्नड भाषक असे आम्ही नऊ जण होतो. एकदा सीमाप्रश्नच विषय म्हणून घेतला आणि पाच मिनिटांत सगळे एकाच वेळी बोलू लागले. घरात लहानपणापासून ऐकलेले दुःख मी पुरावा म्हणून मांडत होतो. समोरचा मित्रही तेच करत होता.

पुढच्या आठवड्यात तोच विषय दोन बंधने घालून घेतला. पहिल्या फेरीत प्रत्येकाला एक मिनिट अखंड बोलू द्यायचे, आणि कोणाचे खोडून काढण्यापूर्वी त्याचे म्हणणे त्याला मान्य होईल अशा शब्दांत सांगायचे. दुसरे बंधन फार अवघड गेले. सीमावादासाठी केंद्राने नेमलेल्या महाजन आयोगाचा मुद्दा निघाला. ‘महाजन आयोगाने १९६७ मध्ये निकाल दिला, असे तुझे म्हणणे आहे,’ असे मी म्हणताच गोकाकच्या मित्राने दुरुस्ती केली, ‘निकाल नव्हे, अहवाल म्हणालो.’ त्या एका शब्दाने चर्चा वळली. १९५६ ची राज्य पुनर्रचना, १९६७ चा अहवाल आणि महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा एवढे सर्वांनी मान्य केले. अहवालाला किती वजन द्यायचे, हाच वाद उरला आणि त्यावर आवाज न चढवता बोलता आले.

गप्प बसणाऱ्याला ‘तुझे मत सांग’ म्हणू नये. तो अधिकच आक्रसतो. आम्ही खानापूरच्या मैत्रिणीला विचारले, ‘तुमच्या जमिनीचा उतारा घरी कोण वाचतो?’ उतारा कन्नडमध्ये असल्याने वडिलांना तो दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो, हे तिने सांगितले आणि तिचा मुद्दा पुढे कन्नड मित्रांनीच उचलून धरला.

प्रत्यक्ष मंडळासमोर अशी बंधने इतरांवर घालता येत नाहीत. उमेदवाराला छातीवरच्या क्रमांकाने, म्हणजे चेस्ट नंबरने, ओळखतात; ‘चेस्ट नंबर चार यांचे म्हणणे असे आहे’ अशी सुरुवात करून पुढे आपला मुद्दा जोडण्याची सवय मात्र सरावातच लावावी आणि आपण सांगितलेले चार नंबरला पटते आहे का, हे त्याच्या चेहऱ्याकडे पाहून तपासावे.