घरात एकाचा गहू बंद झाला की: मराठवाड्यातल्या घरासाठी तयारीची यादी

डॉक्टरांनी सीलिॲक हे नाव सांगितलं आणि गहू आयुष्यभरासाठी बंद केला, की घरी आल्यावर पहिला प्रश्न येतो: आता याला खायला द्यायचं काय? आपल्या भागात त्याचं उत्तर कोठीतच असतं. सीलिॲक या आजारात ग्लुटेन नावाच्या प्रथिनानं लहान आतड्याला इजा होते. हे ग्लुटेन गव्हात, जवात आणि राय नावाच्या धान्यात असतं. ज्वारी, बाजरी, मका, तांदूळ, नाचणी, राजगिरा, भगर आणि सगळ्या डाळींत ते नसतं. म्हणजे भाकरी, पिठलं, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, वरण-भात हे सगळं त्या माणसाला चालतं. खरी मेहनत आहे ती या ज्वारीत कुठेही गहू मिसळू न देण्याची. ती मेहनत घरानं करायची असते, एकट्या आजारी माणसावर टाकायची नसते, म्हणून ही यादी घरच्यांसाठी लिहिली आहे.

तपासणी अजून पूर्ण झाली नसेल तर गहू आपल्या मनानं सोडू नका. रक्तातली टीटीजी-आयजीए तपासणी आणि दुर्बिणीतून घेतलेला लहान आतड्याचा तुकडा, या दोन्हींत आजार दिसायचा तर पोटात गहू जात असावा लागतो. कुणीतरी सांगितलं म्हणून दोन-तीन महिने भाकरीवर राहिलं, बरं वाटलं आणि मग तपासणीला गेलं, तर अहवाल साफ येऊ शकतो. मग निदान लटकतं आणि पुन्हा गहू खाऊन त्रास काढावा लागतो. भाकरी खाणाऱ्या घरात हा आजार उशिरा लक्षात येण्याचीही शक्यता असते. जुलाब आणि फुगलेलं पोट ही ओळखीची लक्षणं. पण गोळ्या खाऊनही न चढणारं हिमोग्लोबिन, वय वाढूनही न वाढणारी उंची, सारखं तोंड येणं, हाडं दुखणं एवढ्यावरही तो वर्षानुवर्षं लपून राहतो. निदान पक्कं झालं की त्याच आठवड्यात आई-वडील, भावंडं आणि मुलं यांच्याही रक्ततपासणीचं डॉक्टरांना विचारा. जवळच्या रक्ताच्या नात्यात साधारण दहातल्या एकाला हा आजार निघतो, आणि त्यातल्या अनेकांना काहीच त्रास जाणवत नसतो. ज्यांना पहिल्या प्रकारचा मधुमेह किंवा थायरॉइडचा स्वप्रतिकार आजार (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच ग्रंथीवर उलटते तो) आहे, त्यांची तपासणी तर करून घ्यावीच.

आता गिरणी. सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या, कारण घरात कितीही जपलं तरी दळणातून गहू येत असेल तर बाकीची मेहनत वाया जाते. गावच्या गिरणीत आपल्या आधी कुणाचा तरी गहू दळलेला असतो. त्याचं पीठ दगडांच्या फटीत, पेटीत आणि तोंडाला बांधलेल्या कापडात बसलेलं असतं आणि आपल्या ज्वारीबरोबर डब्यात उतरतं. किती उतरलं तर अपाय होतो? रोज ५० मिलीग्रॅम ग्लुटेन पोटात गेलं तरी आतड्याला इजा होऊ शकते, आणि एका मध्यम पोळीत त्याच्या सुमारे पन्नासपट असतं. गिरणीतलं मिसळलेलं पीठ एवढं भरायला वेळ लागत नाही. जमत असेल तर घरघंटी घ्या आणि तिच्यात गव्हाचा दाणाही जाऊ देऊ नका. शेजारच्या गावात असाच रुग्ण असेल तर दोन घरांत मिळून घेता येते. तेही शक्य नसेल तर अडगळीतलं जातं धुऊन, वाळवून, थोडी ज्वारी दळून ते पीठ बाजूला काढून मग वापरात घ्या. गिरणीशिवाय पर्यायच नसेल तर गिरणीवाल्याला सगळं समजावून सांगा. ज्या चक्कीत फक्त ज्वारी-बाजरी दळली जाते तीच मागा. तशी वेगळी चक्की नसेल, तर चक्की झाडून घेतल्यानंतर आपली दोन-तीन किलो ज्वारी आधी दळा, ते पीठ घरातल्या इतरांना किंवा जनावरांना द्या आणि त्याच्या मागचं पीठ रुग्णाच्या डब्यात घ्या. यानं धोका कमी होतो, संपत नाही. त्यामुळे ही सोय तात्पुरतीच समजा.

शहरातून तयार पिठाची पाकिटं आणून साठवणं सोपं वाटतं. पण ज्वारीच्या पिठाची विरी, म्हणजे पीठ जुळवून धरणारा चिकटपणा, गेली की भाकरी थापताना चिरते, आणि मग कुणीतरी मायेनं त्यात मूठभर कणीक घालतं. घरातल्या सगळ्या बायकांना हे आधीच सांगून ठेवा: भाकरी जुळत नसेल तर उकळतं पाणी घालून पीठ मळा, कणीक घालू नका. पीठ आठवड्यापुरतंच दळा.

धान्य विकत घेतानाही विचारा. रब्बी ज्वारी आणि गहू एकाच हंगामात निघतात, एकाच मळणी यंत्रातून जातात, कधी कधी तीच पोती वापरली जातात. स्वतःचं शेत असेल तर ज्वारीची मळणी गव्हाच्या आधी उरकून घ्या आणि ज्वारी वेगळ्या कोठीत भरा. मोंढ्यातून आणलेली ज्वारी निवडून, धुऊन, कडक उन्हात वाळवून मगच दळणाला काढा. वाण कुठलाही चालतो: मालदांडी, २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली जालन्याची दगडी ज्वारी, किंवा परभणीच्या कृषी विद्यापीठाची परभणी शक्ती. परभणी शक्तीत लोह आणि जस्त मुद्दाम वाढवलेलं आहे. सीलिॲकच्या रुग्णाला बऱ्याचदा लोह कमी असतं, त्यामुळे बियाणं मिळालं तर एखादा पट्टा तिचा करावा असं माझं मत आहे. खपली गहू चालतो असं सांगणारे बरेच भेटतील. खपली चालत नाही, बन्सी चालत नाही, रवा, दलिया, लापशी, शेवया, कुरडया यातलं काहीच चालत नाही. तो सगळा गहूच आहे.

स्वयंपाकघरात फार खरेदी करावी लागत नाही. पिठाची चाळणी मात्र वेगळीच हवी, कारण जाळीत अडकलेली कणीक कितीही धुतली तरी पूर्ण निघत नाही. लाकडी काठवट, पोळपाट आणि लाटणंही वेगळं घ्या. स्टीलची परात घासून चालते. लोखंडी तवा वेगळा ठेवला तर बरं. एकच असेल तर घासून आधी भाकरी, मग पोळी असा क्रम ठरवा आणि घाईच्या सकाळीही तो मोडू नका. कणीक चाळली-मळली की तिची धूळ हवेत राहते आणि उघड्या भांड्यांवर बसते, म्हणून रुग्णाचं कोरड्यास (कालवण) आणि भात तोवर झाकलेले असावेत. भाकरीची दुरडी आणि तिच्यातलं फडकं वेगळं. लोणच्याच्या बरणीत, तुपाच्या भांड्यात पोळीचा हात जातो, म्हणून रुग्णासाठी छोट्या बरण्या आधीच भरून त्यावर लाल दोरा बांधा. लहान मुलांनाही दोरा लगेच कळतो. पुऱ्या तळलेल्या तेलात त्याच्यासाठी भजी किंवा पापड तळू नका.

वाण्याच्या यादीत सगळ्यात आधी हिंग बघा. बाजारातल्या बांधणीच्या हिंगात मैदा किंवा गव्हाचं पीठ असतं, आणि तो वरणापासून चिवड्यापर्यंत सगळीकडे जातो. डबीवरचे घटक वाचा. तांदळाच्या पिठात बांधलेला हिंग मिळतो, नाहीतर खडा हिंग आणा. मग आपला येसर, म्हणजे आमटीत घालायचं भाजलेल्या धान्य-मसाल्यांचं पीठ. लग्नाच्या पंगतीतली येसर आमटी ज्यानं खाल्ली त्याला ती सोडवत नाही, पण अनेक घरांत येसर करताना ज्वारी-बाजरीबरोबर गहूही भाजून घालतात. मेतकूट, थालीपिठाची भाजणी आणि सातूचं पीठ यांचंही तसंच. हे सगळं गहू आणि जव (सातू) वगळून घरी करता येतं, चवीत फारसा फरक पडत नाही; वर्षाचा मसाला कराल त्याच दिवशी करून टाका. सुटं बेसन घेऊ नका, हरभरा डाळ घरघंटीवर काढा. धपाट्यांत आणि शेंगोळ्यांत सवयीनं कणीक पडते, तिथे हात आवरा. ओट्स कारखान्यात बऱ्याचदा गव्हाबरोबर मिसळलेले असतात, ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. पाकिटावर ग्लुटेनमुक्त लिहिलेलं असेल तर आपल्या अन्नसुरक्षा नियमांनुसार त्यात किलोमागे २० मिलीग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन नसावं. घटकांच्या यादीखाली ॲलर्जीची सूचना असते, तिथे गहू किंवा जव दिसला की पाकीट परत ठेवा. गोळ्या-कॅप्सूलमध्येही स्टार्च असतो, म्हणून औषधाच्या दुकानात प्रत्येक वेळी आजाराचं नाव सांगा.

उपवासाचे पदार्थ या माणसाला बहुतेक सगळे चालतात, आणि घाईच्या दिवशी त्यांचा मोठा आधार असतो. फक्त भगर सुटी घेऊ नका. नवरात्रात, महाशिवरात्रीला भगरीतून विषबाधा झाल्याच्या बातम्या आपल्या जिल्ह्यांतून वारंवार येतात. बंद पाकीट, त्यावरची तारीख, निवडणं, धुणं आणि शिजवून लगेच खाणं, एवढं पाळा.

सणांची तयारी आठ दिवस आधी करा. महालक्ष्म्यांना ज्वारीची आंबील असते, भाज्या असतात, पुरण असतं. अडचण पोळीची, कणीक मिसळलेल्या पुरणाच्या दिव्यांची आणि मैद्याच्या फुलोऱ्याची. पुरण कणीक मळायच्या आधी वाटून त्याचा वाटा वेगळा काढा आणि वाटीत तूप घालून द्या. अनारसे तांदळाचे असल्यानं चालतात, पण वेगळ्या तेलात तळलेले. येळवशीला (वेळ अमावस्येला) शेतात भज्जी, आंबील आणि बाजरीचे उंडे त्याच्यासाठी भरपूर आहेत, तर गव्हाच्या खिरीचा डाव त्यात बुडू नये म्हणून खीर दुसऱ्या टोकाला ठेवा. हुरड्याला न्यायला हरकत नाही, पण त्याच आगटीत गव्हाच्या ओंब्या भाजल्या जात असतील तर त्याची कणसं आधी भाजून वेगळी चोळून द्या. रमजानमध्ये मित्राच्या घरून हलीम आलं तर त्यात गहू असतो. तिथे प्रेमानं सांगून फळं आणि खजूर मागता येतात.

लग्नाच्या पंगतीत आचाऱ्याला पंगत बसायच्या आधी भेटा. फोडणी घालायच्या आधीचं साधं वरण आणि भात एका झाकणाच्या डब्यात काढून घ्या, सोबत घरची भाकरी आणि चटणी असू द्या. बुंदी बेसनाची असली तरी त्याच कढईत काय तळलं ते विचारल्याशिवाय देऊ नका. देवळातला शिऱ्याचा प्रसाद हातात घ्यावा, कपाळाला लावावा आणि सोबतच्या माणसाला द्यावा. आपल्यासाठी खोबरं, केळं किंवा खडीसाखर मागावी. देवाचा मान त्यानं कमी होत नाही.

पाहुण्यांना काय सांगायचं तेही आधी ठरवून ठेवा. "एवढ्याशानं काय होतंय, एक घास खा की माय" असं म्हणणारी मावशी वाईट नसते, तिला वाटतं आपण लेकराला उपाशी ठेवतोय. रुग्णाला तिच्याशी वाद घालायला लावू नका. घरातल्या मोठ्या माणसानं सांगावं: हे पथ्य दोन दिवसांचं नाही, त्या एका घासानं आतड्याला सूज येते, आणि पोट दुखलं नाही तरी इजा होतच असते. शाळेत बाईंना लेखी द्या. खिचडी तांदळाची असली तरी तिच्यातला मसाला आणि हिंग बघा, अंगणवाडीच्या पाकिटात गहू आहे का ते वाचा, आणि वाढदिवसाच्या बिस्किटांच्या बदल्यात देता येईल अशी राजगिऱ्याची चिक्की बाईंच्या कपाटात ठेवून या. एसटीच्या प्रवासात भाकरी, कोरडी चटणी, गूळ-शेंगदाणे आणि मुरमुरे घरूनच न्या.

घरातली सून किंवा लेक स्वतः रुग्ण असेल तर तिच्याकडे जास्त लक्ष द्यावं लागतं, आणि बहुतेक घरांत तिचाच विचार सगळ्यांत शेवटी होतो. सगळ्यांच्या पोळ्या तीच लाटते, कणकेच्या धुळीत उभी राहते, आणि स्वतःची भाकरी शेवटी, उरलेल्या वेळात, त्याच परातीत करते. कणीक हाताला लागल्यानं आजार वाढत नाही; नाका-तोंडातून पोटात गेली तर वाढतो. तिच्यासाठी दोन वाटा आहेत. एकतर पोळ्या दुसऱ्या कुणी कराव्यात, नवऱ्यानं केल्या तरी चालतं. नाहीतर सगळ्या घरानं रोजची पोळी सोडून भाकरी खावी आणि गहू फक्त सणाला, तोही बाहेर चुलीवर करावा. दुसरी वाट मला जास्त पटते, कारण आपली आजी तशीच जेवत होती आणि खर्चही कमी येतो. रेशनचा गहू घरात येतो म्हणून रोज पोळीच करायला हवी, असं काही नाही. मुलीचं लग्न ठरवताना हा आजार लपवू नका. लपवलेलं पथ्य सासरी पाळता येत नाही. मग ती चार लोकांत गहू खाते आणि वर्षभरात अशक्त होते. गरोदरपणात तर त्याची किंमत दोघांना मोजावी लागते. बैठकीतच सांगा, डॉक्टरांचा कागद दाखवा, आणि घरघंटी आपल्याकडून द्या.

शेवटी तारखा लिहून ठेवा. सहा महिन्यांनी टीटीजी, हिमोग्लोबिन, बी-१२, ड जीवनसत्त्व. लहान मूल असेल तर उंची आणि वजन दर तीन महिन्यांनी भिंतीवर किंवा वहीत. टीटीजी हळूहळू उतरतं, पूर्ण खाली यायला वर्षभर किंवा जास्तही लागू शकतं, त्यामुळे पहिल्याच अहवालावर निराश होऊ नका. पण आकडा जिथल्या तिथे असेल तर आधी गिरणी तपासा, मग हिंग, मग चाळणी, आणि मग दुपारी शेजारच्या घरी काय खाल्लं जातं ते विचारा.