लॉट अडल्याचा फोन येतो तेव्हा : नव्या कारखानदारासाठी

चाकण-भोसरी असो की शिरोली-गोकुळ शिरगाव, सुटे भाग बनवणाऱ्या छोट्या कारखानदाराची खरी परीक्षा वर्षाच्या ताळेबंदात होत नाही. ती सकाळी साडेदहाला होते. गिऱ्हाइकाच्या क्वालिटी विभागातून फोन येतो, ‘तुमचा बोअर बसत नाहीये, लाइन थांबेल.’ (बोअर म्हणजे नगात कोरलेलं गोल भोक.) पुढच्या अर्ध्या तासात मालक जे बोलून बसतो, ते निस्तरायला बऱ्याचदा महिना जातो.

डोकं थंड ठेवणं स्वभावावर असतं असं म्हणतात. थोडं असेलही. पण तापट माणूससुद्धा हातात प्रश्नांचा कागद असला की सुधरतो, आणि गरीब स्वभावाचा माणूस कागद नसला की ‘दोन तासांत सगळं ओके करून देतो’ असं कबूल करून मोकळा होतो. म्हणून फोनजवळ एक कागद आधीच चिकटवून ठेवा. त्यावर एवढंच : कोणत्या चलनाचा, म्हणजे मालासोबतच्या कोणत्या कागदाचा माल? किती नग तपासले, त्यात खराब किती? बोअर मोठा की लहान? कोणत्या गेजने (मापाच्या साधनाने) पाहिलं? आणि सगळ्यात महत्त्वाचं, लाइनवर किती तासांचा चांगला माल शिल्लक आहे?

या शेवटच्या प्रश्नाने धडधड कमी होते. समोरचा ‘आत्ताच्या आत्ता’ म्हणत असतो, पण विचारल्यावर कळतं की पाच तास हातात आहेत. पाच तासांचं काम आणि ‘आत्ताच्या आत्ता’चं काम यांची आखणी अगदी वेगळी असते.

फोन ठेवल्यावर चहा सांगा. चहा येईपर्यंत एकच हुकूम : त्या मशीनवरचं काम थांबवा, पण ऑफसेटला (मशीनमध्ये भरलेल्या माप-दुरुस्तीच्या आकड्याला) हात लावू नका, इन्सर्ट (कापणारं बदलतं पातं) बदलू नका, शेवटचे पाच नग बाजूला ठेवा. घाबरलेला सुपरवायझर आधी ऑफसेट ‘दुरुस्त’ करतो, आणि कारण शोधायचा एकमेव धागा तिथेच तुटतो. ऑपरेटरवर ओरडायचं असेल तर संध्याकाळी ओरडा. सकाळी ओरडलात तर झिजलेला इन्सर्ट भंगारात जातो आणि तपासणीच्या तक्त्यावर सगळे आकडे मागाहून, एकाच पेनाने, एकाच अक्षरात भरलेले सापडतात.

आता मोजा. संशयित माल पाच ठिकाणी असतो : गिऱ्हाइकाच्या लाइनवर, त्यांच्या स्टोअरमध्ये, वाटेत गाडीत, आपल्या तयार मालात आणि अर्धवट मालात. पाची जागांचे आकडे एका ओळीत लिहा. समजा ४००, १२००, ८००, १५००, ६००. एकूण ४५००. मघाशी ‘सगळा माल गेला’ वाटत होतं, आता साडेचार हजार नग आहेत. गिऱ्हाइकाकडचे १६०० नग आधी. गो-नोगो प्लग गेजने (याची ‘गो’ बाजू भोकात जायला हवी, ‘नोगो’ जाता कामा नये) एक माणूस तासाला ३५० नग धरा. दोन माणसं पाठवली तर सव्वादोन-अडीच तास, शिवाय तिथे पोचायला लागणारा वेळ वेगळा. हातात पाच तास असतील तर जमतं. जाताना दोन गेज द्या, लाल क्रेट द्या, आणि ‘तिथे कारणं सांगत बसायचं नाही’ अशी ताकीदही द्या. वाटेतली गाडी मात्र लगेच मागे फिरवा.

निवडताना खराब नगांचे दोन ढीग करा. गो बाजू जात नाही म्हणजे बोअर लहान, तो पुन्हा कोरून नग वाचू शकतो. नोगो जातोय म्हणजे बोअर मोठा, तो नग भंगार. एकाच क्रेटमध्ये टाकलं की वाचणारा मालही भंगाराच्या भावाने जातो, आणि कारणाचा मागही पुसला जातो. बोअर हळूहळू लहान होत गेला असेल तर बहुधा इन्सर्टची झीज. एकाएकी मोठा झाला असेल तर ऑफसेटमध्ये ०.०१ च्या जागी ०.१० पडलं का, ते पाहा.

एक कारण मात्र कायम निसटतं. ‘आमच्याकडे ओके, त्यांच्याकडे लहान’ असा वाद झाला की दोघंही एकमेकांना खोटं ठरवतात. २५ मिमी एच७ (एच७ हा मापातल्या सुटीचा ठरलेला दर्जा) बोअरला मापात कमी-जास्त व्हायची एकूण सूट २१ मायक्रॉनची, मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पोलादी नग मशीनवरून गरम उतरला, थंड नगापेक्षा २० अंशांनी जास्त, तर बोअर सुमारे ६ मायक्रॉन मोठा दिसतो. त्या २१ मायक्रॉनचा चौथा हिस्सा नुसत्या उष्णतेने खाल्ला. थंड झाल्यावर तोच नग गिऱ्हाइकाकडे लहान भरतो. अॅल्युमिनियमला हा फरक जवळपास दुप्पट. नग थंड करून मोजा, मग भांडा.

पहिलं उत्तर तासाभरात लेखी द्या, तीन ओळींचं : किती माल अडवला, निवडायला कोण निघालं, पुढची माहिती किती वाजता. कारण लिहू नका, अजून माहीतच नाही. अंदाजाने लिहिलेलं कारण नंतर बदललं की पुढच्या प्रत्येक अहवालावर शंका घेतली जाते.

निर्णयांची साधी विभागणी ठेवा. ज्यातून मागे येता येतं ते लगेच घ्या : निवड, जादा पाळी, गाडी फिरवणं. ज्यातून येता येत नाही ते दुसऱ्या दिवशी सकाळी : ऑपरेटरला काढणं, डेबिट नोट (आपल्या बिलातून पैसे कापल्याचा गिऱ्हाइकाचा कागद) मान्य करणं, भाव कमी करून देणं. रात्री अकराला, उपाशीपोटी आणि स्पीकरफोनवर तर यातलं काहीच ठरवू नये.

पैशांची धडकी वेगळी बसते, आणि तीही कागदावरच उतरते. ७ तारखेला पगार, १५ ला पीएफ आणि ईएसआयसी, २० ला जीएसटी, मध्ये बँकेचा हप्ता. या तारखांसमोर येणी लिहा आणि अडकलेल्या लॉटचं बिल त्यातून खोडून पाहा. खड्डा नेमका कोणत्या तारखेला पडतो ते दिसलं की बँकेशी आठवडाभर आधी बोलता येतं.

इथे एक कायद्याची गोष्ट उपयोगी पडते. २००६ च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास) कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म-लघु उद्योगाला लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे मिळायला हवेत, करार नसेल तर १५ दिवसांत. पण माल पोचल्यापासून १५ दिवसांच्या आत गिऱ्हाइकाने लेखी हरकत घेतली, तर दिवस मोजायला सुरुवात होते ती हरकत दूर झाल्यापासून. म्हणून निवड संपली की ‘अमुक चलनाची तक्रार अमुक तारखेला मिटली’ अशी एक ओळ त्यांच्याकडून मेलवर त्याच दिवशी मागून घ्या. धावपळीत हेच राहून जातं, आणि तीन महिन्यांनी अकाउंट्सवाला म्हणतो, तुमचा लॉट तर अजून वादात आहे.