शिकवलेलं बटण एकदाच चालतं? टॉगल बिट बघा
युनिव्हर्सल रिमोटला जुन्या रिमोटवरून कोड शिकवला की काही बटणं पहिल्यांदा चालतात आणि लगेच परत दाबली की ढिम्म, आणि लोक उगाच सेल बदलत बसतात. कोड जर आरसी-५ किंवा आरसी-६ चा (या रिमोटच्या सिग्नलच्या पद्धती) असेल तर आधी टॉगल बिटवर संशय घ्या. आरसी-५ च्या १४ बिटांमधला (०-१ च्या खुणांमधला) ३ रा बिट म्हणजे टॉगल, तो प्रत्येक नव्या दाबण्याला उलटतो, बटण धरून ठेवलं तर तसाच राहतो, त्यावरूनच टीव्हीला कळतं की ११ नंबर लावायला १ दोनदा दाबलाय की नुसता धरून ठेवलाय. शिकवलेल्या कोडमध्ये मात्र तो बिट गोठलेला असतो, म्हणून दुसरं दाबणं टीव्हीला धरून ठेवल्यासारखंच वाटतं. खात्री करायची तर तेच बटण दोनदा रेकॉर्ड करा, एका बिटाचाच फरक दिसला की समजा हेच आहे. शक्य असेल तर शिकवायच्या भानगडीत न पडता रिमोटमधला तयार कोड निवडा, तो टॉगल स्वतः सांभाळतो. नाहीच मिळाला तर कोडची दोन्ही रूपं सेव्ह करून आलटूनपालटून पाठवा, मॅक्रोत (एका बटणावर ठरवलेली आज्ञांची मालिका) हे सहज जमतं. एनईसी या दुसऱ्या पद्धतीच्या कोडला टॉगल नसतोच, तिथे कारण वेगळं शोधा.